नोंदीतला जोडीदार

ज्योत्स्नाला जाऊन सात वर्षं झाली होती, तेव्हा नाशिकच्या त्या इस्पितळातून फोन आला. हेमराज नारखेडे सावद्याला आपल्या केळी पिकवायच्या चेंबरच्या दारात उभा होता. सकाळच्या गाडीतून आलेला माल आत लागत होता, हिरव्या फण्यांचे क्रेट एकावर एक चढत होते. नंबर ओळखीचा वाटला. आजारपणाच्या दोन वर्षांत तो इतक्या वेळा स्क्रीनवर आला होता की हेमराज आधी घाईने क्रेटच्या आवाजापासून बाजूला झाला आणि मग त्याला आठवलं, आता तिथे आपलं कोणी नाही.

"ज्योत्स्ना नारखेडे यांचे पती बोलताय का?"

"हो. पण ती आता नाही."

"तशी नोंद आहे सर आमच्याकडे. फोन तुमच्यासाठीच केलाय."

मुलीचा आवाज तरुण होता आणि वाक्यं पाठ केलेली होती. ज्योत्स्नाताईंना गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता. तो ज्या विषाणूमुळे होतो, तोच विषाणू जोडीदाराच्या घशात वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. आता साध्या रक्तावरून ते फार आधी कळतं, म्हणून अशा सगळ्या रुग्णांच्या जोडीदारांना बोलावणं चाललंय. गावातल्या लॅबमध्ये रक्त दिलं तरी चालेल.

"मला काही होत नाही," हेमराज म्हणाला.

"काही होत नसतानाच करायची आहे सर ही तपासणी."

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि तेवढा उत्साह त्याच्यात नव्हता. दुसऱ्या दिवशी तो रक्त देऊन आला आणि विसरून गेला.

*

डॉक्टर काझी पंचेचाळिशीच्या होत्या. रक्ताचा निकाल आल्यावर हेमराजला नाशिकला, त्यांच्या घशाच्या विभागात बोलावलं होतं. त्यांनी आधी त्याच्या तोंडात दिवा धरून पाहिलं, मान चाचपली, नाकातून बारीक कॅमेरा घालून घसा पाहिला. सगळं ठीक होतं. मग त्यांनी रिपोर्ट त्याच्यापुढे ठेवला, आणि तो ठीक नव्हता.

"मी तंबाखू खात नाही," हेमराज म्हणाला. "सुपारीसुद्धा नाही."

"ह्याला तंबाखू लागत नाही. आणि कॅन्सर झालाय असं मी म्हणत नाहीये. नीट ऐका."

त्या सावकाश सांगत गेल्या. हा विषाणू, पॅपिलोमा, अगदी सर्रास आढळणारा. संसार केलेल्या दहा माणसांतल्या सात-आठ जणांना तो कधी ना कधी शिवून जातो. शरीर त्याला वर्ष-दोन वर्षांत घालवून देतं आणि माणसाला पत्ताही लागत नाही. क्वचित कोणाच्या बाबतीत तो जात नाही. टॉन्सिलमध्ये बारीक, खोल भेगा असतात. त्याचा सोळा नंबरचा प्रकार तिथल्या पेशींत शिरून बसतो आणि त्यांच्याकडून स्वतःची प्रथिनं बनवून घेऊ लागतो. त्यातल्या एकाचं नाव ई-सिक्स. आपल्या प्रत्येक पेशीत एक राखणदार प्रथिन असतं. पेशी बिघडली तर ते तिला वाढू देत नाही. ई-सिक्स नेमकं त्या राखणदारालाच मोडीत काढतं. पण असं परकं प्रथिन बनायला लागलं की शरीराला चाहूल लागते आणि रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. विषाणू नुसता येऊन गेला असेल तर ही प्रतिपिंडं सहसा दिसत नाहीत. तो ठाण मांडून कामाला लागला असेल तरच दिसतात.

"तुमच्या रक्तात ती आहेत. भरपूर आहेत," डॉक्टर काझी म्हणाल्या. "गाठ दिसायच्या पाच वर्षं आधी, दहा वर्षं आधी, कधी त्याहूनही आधी ती दिसू लागतात."

हेमराजने रिपोर्टवरच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"आमच्या ट्रकमध्ये तसं असतं," तो म्हणाला. "एखादी फणी पिकायला लागली की रंग बदलायच्या आधीच तिच्यातून वायू सुटतो. सेन्सर वाजतो. पण कुठल्या क्रेटमधली फणी, ते सेन्सर सांगत नाही."

"मग तुम्ही काय करता?"

"दिल्ली जवळ असेल तर जाऊ देतो. लांब असेल तर ट्रक रिकामा करतो."

"तुमचाही करता येईल. दोन्ही टॉन्सिल काढायची, जिभेच्या मुळावरचा थर काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली शोधत बसायचं. कदाचित काहीच सापडणार नाही, आणि गिळायचा त्रास मात्र जन्माचा मागे लागेल. आज मी तसं करा म्हणणार नाही." त्यांनी दुसरा कागद काढला. "दर तीन महिन्यांनी रक्त बघू. गाठ धरली की विषाणूच्या जनुकाचे तुकडे रक्तात उतरतात. आज ते शून्य आहेत. ते दिसले, की मग थांबायचं नाही."

"आणि नाही दिसले तर?"

"तर तुम्ही म्हातारे व्हाल, आणि दर तीन महिन्यांनी इथे याल."

तो उठणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, "अजून एक. तुमच्या किंवा तुमच्या मिसेसच्या आधीच्या आयुष्यात कोणी जोडीदार असेल तर त्यांनाही बोलावता येईल. आमच्या नोंदीत फक्त तुम्ही आहात."

"कोणी नाही," हेमराज म्हणाला.

*

हे खोटं होतं. हेमराजच्या बाजूने कोणी नव्हतं हे खरं, पण ज्योत्स्नाचं आधी एक लग्न झालं होतं, मलकापूरला, देवीदास खर्चे नावाच्या माणसाशी. वर्षाच्या आत ती माहेरी परत आली. काय झालं होतं ते हेमराजने विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. दार जोरात लागलं की पहिली काही वर्षं ती दचकायची, एवढं त्याने पाहिलं होतं. ज्या थोरांना ते लग्न माहीत होतं ते एकेक करून गेले. ईशानी झाली तेव्हा दवाखान्यातच, बाळाला मांडीवर घेऊन ज्योत्स्ना म्हणाली होती, "हिला यातलं कधी कळायला नको. हिने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलेलं मला चालणार नाही." हेमराजने शब्द दिला होता. तो पाळायला त्याला कधी जड गेलं नाही, कारण कोणी कधी काही विचारलंच नव्हतं.

नाशिकहून परतताना भुसावळपर्यंत तो खिडकीपाशी बसून होता. आजार कुठून आला हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी त्या म्हणाल्या असत्या की आता ते कोणी सांगू शकत नाही. पण हेमराजला आपल्यापुरतं माहीत होतं.

रात्री त्याने ईशानीला फोन केला. ती नाशिकलाच एका शाळेत गणित शिकवायची. आपण येऊन गेलो हे तिला कळवलं नव्हतं. आता सगळं सांगितलं, प्रतिपिंडं, दर तीन महिन्यांचं रक्त, सगळं.

पलीकडे वह्या बाजूला सारल्याचा आवाज आला.

"हा तोच विषाणू का, मम्मीचा?" ईशानीने विचारलं.

"तोच."

"बरं."

"तुला शाळेत असताना लस दिलेली आहे. तुला काळजी नाही."

"मला माझी काळजी नाहीये पप्पा," ती म्हणाली, आणि गप्प झाली. मग म्हणाली, उद्या पेपर आहेत, ठेवते.

हेमराज फोन हातात धरून बसला. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं केळीच्या धंद्यासाठी तो महिनेच्या महिने दिल्लीच्या मंडीत राहिलेला होता. घरात त्यावरून थट्टा चालायची. ज्योत्स्नाही करायची. ईशानी ते ऐकतच मोठी झाली. आता ती दोन आणि दोन मिळवत असणार. हा आजार कसा लागतो ते तिला माहीत होतं. तिच्या आईला तो झाला, आणि बाप दिल्लीला राहिलेला. आणखी काय हवं?

एका वाक्यात तो स्वतःला मोकळं करू शकत होता. पण ते वाक्य ज्योत्स्नाबद्दलचं होतं, आणि ती उत्तर द्यायला नव्हती.

*

पहिल्या तपासणीला ईशानी आली. आत नाही आली, खाली पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून राहिली. रक्तात तुकडे शून्य आले. ती म्हणाली, चला, छान, आणि त्याला स्टेशनवर सोडून गेली. दुसऱ्या वेळी तिला शाळेचं इन्स्पेक्शन होतं. तिसऱ्या वेळी दहावीचे जादा तास. मग हेमराजच सांगेनासा झाला. पहाटेची गाडी धरायची, नाशिकला उतरायचं, रक्त द्यायचं, नाकातून कॅमेरा घालून घ्यायचा, दुपारच्या गाडीने परत. मुलगी त्याच गावात राहते हे त्याने तिथल्या कुणाला सांगितलं नाही.

दोन वर्षं अशी गेली. तपासणीच्या आधीचे पंधरा दिवस तो सारखा गिळून बघायचा. आवंढा अडकतो का? डाव्या बाजूला काही लागतं का? आरशासमोर तोंड वासून मोबाईलचा उजेड आत टाकायचा. काही दिसायचं नाही. मग शून्याचा रिपोर्ट यायचा आणि महिनाभर तो बऱ्यापैकी माणसासारखा वागायचा, माल बघायचा, लग्नांना जायचा. मग पुन्हा दिवस भरत यायचे. आजारी माणसाला लोक येऊन भेटतात, तो आजारी नव्हता. बरा आहे असंही म्हणता येत नव्हतं. एकदा तो डॉक्टर काझींना म्हणाला, "तुम्ही तो फोन केला नसता तर काय झालं असतं?"

"तर आज तुम्ही निवांत असता," त्या म्हणाल्या. "आणि आणखी काही वर्षांनी मानेत गाठ घेऊन आला असता."

ईशानीशी आठवड्यातून एकदा बोलणं व्हायचं. पाऊस, केळीचा भाव, तिची शाळा. तब्येत कशी आहे असं ती विचारायची आणि तो बरी आहे म्हणायचा, आणि दोघंही घाईने पुढच्या विषयावर जायची. तिच्या प्रत्येक गप्प राहण्यात त्याला दिल्ली ऐकू यायची. मनातल्या मनात त्याने शंभर वेळा तिला सगळं सांगितलं होतं आणि शंभर वेळा ज्योत्स्नाची माफी मागितली होती.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला रक्तात तुकडे दिसले. फार थोडे. पंधरा दिवसांनी पुन्हा बघितलं तर वाढलेले. स्कॅनमध्ये काही नाही, कॅमेऱ्यात काही नाही.

"आता थांबायचं नाही," डॉक्टर काझी म्हणाल्या. "सोबत कोण असेल?"

हेमराजने खाली बघून घड्याळाचा पट्टा घट्ट केला. "मुलगी आहे," तो म्हणाला. "इथेच असते."

*

रविवारची दुपार होती. ईशानीचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं, दोन खोल्यांचं. ती जमिनीवर बसून मटार सोलत होती. पप्पांना असं न कळवता दारात बघून ती उभी राहिली होती आणि त्यांच्या चेहऱ्याकडे एकदा बघून पुन्हा खाली बसली होती.

"आलं," हेमराज म्हणाला. "येत्या आठवड्यात ऑपरेशन आहे."

"कुठे आहे?"

"ते काढल्यावर कळेल."

तिने मान हलवली. शेंगा सोलत राहिली. हेमराज पलंगाच्या कडेला टेकला.

"त्याआधी तुला एक सांगायचंय. तुझ्या मनात जे आहे ते मला कळतं. मी दिल्लीत होतो, पण तसलं काही माझ्याकडून झालेलं नाही. कधीच."

ईशानीने वर पाहिलं. "दिल्लीचं काय?"

"हा आजार कुठून आला म्हणून... तू विचार करत असशील ना."

"मी?"

तो आता थांबू शकला नाही. मलकापूर, ते लग्न, वर्षाच्या आत परत येणं, दवाखान्यात दिलेला शब्द, सगळं त्याने सांगून टाकलं. सांगताना तो तिच्या हातांकडे बघत होता. हात थांबले नाहीत.

"देवीदास खर्चे," त्याचं झाल्यावर ईशानी म्हणाली.

हे नाव हेमराजने घेतलंच नव्हतं.

"मम्मीनेच सांगितलं मला. शेवटच्या उन्हाळ्यात, तुम्ही औषधं आणायला गेला होतात तेव्हा. म्हणाली, पप्पांना कळू देऊ नकोस हं, मी सांगितलं ते. त्यांनी शब्द दिलाय आणि एवढी वर्षं सांभाळलाय, त्यांना वाईट वाटेल."

बाहेर कोणीतरी गाडी धुवत होतं, पाण्याचा आवाज येत होता. हेमराजला आधी वाटलं आपल्याला हलकं वाटतंय. मग कळलं की तसं काही नव्हतं. दोन वर्षं ज्या ओझ्याखाली तो चालला होता ते कोणी त्याच्यावर ठेवलेलंच नव्हतं. शब्द मोडला तोही विनाकारण.

"मग तू येत का नव्हतीस?" त्याने विचारलं.

ईशानीने मटारचं भांडं बाजूला सरकवलं.

"पप्पा, त्या इस्पितळाच्या लिफ्टमध्ये शिरलं की मला तो वास येतो. मी बावीस वर्षांची होते. बरोबरीच्या मुली नोकरीला लागत होत्या, फिरायला जात होत्या, आणि मी मम्मीचं सगळं काढत होते. त्याचं मला काही नाही, पुन्हा वेळ आली असती तरी तिच्यासाठी केलं असतं. पण तुमचा फोन आला त्या दिवशी मला एवढंच वाटलं, पुन्हा नाही. दर तीन महिन्यांनी तुम्ही येणार आणि मी तुमच्या तोंडाकडे बघून ओळखायचं, आलं की नाही. मला नाही जमत ते. म्हणून मी लांब राहिले. तुमच्यावर राग नव्हता. मी दमलेय, पप्पा."

"मीही दमलोय," हेमराज म्हणाला.

 मग ती उठली आणि त्याच्यासाठी पाणी घेऊन आली.

"सही करायला येईन," ती म्हणाली. "वॉर्डात थांबणार नाही. त्यासाठी बाई ठेवू. पण सुटी झाली की सावद्याला जायचं नाही. इथे यायचं."

"चालेल."

"राग नाही ना आला?"

"नाही," तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

*

रोबोटच्या हातांनी ऑपरेशन झालं. डाव्या टॉन्सिलच्या एका भेगेच्या तळाशी, तांदळाच्या कणीएवढी गाठ होती. डॉक्टर काझींनी आपल्या टॅबवर तिचा फोटो दाखवला. जांभळट पेशींचा एक पुंजका. कडा स्वच्छ होत्या, मानेच्या गाठींत काही नव्हतं. रेडिएशन नको, केमो नको. "ह्या आकारात ही गाठ पूर्वी आम्हाला कधी बघायलाच मिळायची नाही," त्या म्हणाल्या. "प्रतिपिंडं मात्र रक्तात राहतील बरं का. वर्षानुवर्षं. पुढे कोणी रक्त बघितलं तर घाबरवतील तुम्हाला. घाबरू नका."

ईशानी सही करायला आली होती ती ऑपरेशन होईपर्यंत खाली कॅन्टीनमध्ये बसून राहिली. वर आली नाही. सुटी मिळाली त्या दिवशी दारात रिक्षा घेऊन उभी होती.

पहिले दिवस वाईट गेले. घोटभर पाणी गिळायचं म्हणजे काचा गिळल्यासारखं व्हायचं. बोलायला मनाई होती. ईशानी सकाळी मऊ भात पातळ करून मिक्सरमधून काढून ठेवायची आणि शाळेत जायची. संध्याकाळी येऊन वह्या तपासत बसायची. घर शांत असायचं. ते शांत असणं आता हेमराजला टोचत नव्हतं.

एका संध्याकाळी वह्या बाजूला ठेवून ती म्हणाली, "पप्पा, मला एक सांगा. नुसती मान हलवा. डॉक्टरांनी तुम्हाला आधीच्या जोडीदारांबद्दल विचारलं होतं का?"

त्याने मान हलवली.

"तुम्ही कोणी नाही म्हणालात."

पुन्हा मान.

"म्हणजे त्या माणसाला कोणी फोन केलेला नाही. त्याच्या बायकोलाही नाही."

 हे त्याच्या मनात आलं नव्हतं असं नाही. दोन वर्षांत पुष्कळदा आलं होतं, आणि त्याने ते बाजूला सारलं होतं. त्या माणसाचं काय व्हायचं ते होवो, असं. दार लागल्यावर दचकणारी ज्योत्स्ना त्याने पाहिली होती. पण त्या माणसाच्या घरात आणखी एक बाई असेल, हा विचार त्याने कधी पुरता केला नव्हता.

त्याने फोन घेतला आणि त्यावर लिहिलं, 'इस्पितळाला कळवू. ते फोन करतील.'

ईशानीने वाचलं. "काय म्हणतील ते? तुमच्या कुठल्या जोडीदाराला आजार होता? कोणाचं नाव घेणार? तो घरात कोणाला काही सांगेल असं वाटतं तुम्हाला? अनोळखी मुलीचा फोन आला तर आपणही ठेवून दिला असता."

हेमराजने आधी लिहिलेलं खोडलं. मग लिहिलं, 'आवाज आला की जाऊ.'

*

आवाज महिनाभराने आला, तोही जाडसर, थकल्यावर बसणारा. सुटीच्या दिवशी दोघं मलकापूरला उतरली. नाव विचारत गेली तर घर सापडायला वेळ लागला नाही. पुढे सोलर पंप दुरुस्तीचं दुकान, मागे घर. दुकानात साठीकडे झुकलेला एक कृश माणूस मोटर उघडून बसला होता. चष्मा दोऱ्याने बांधलेला.

"देवीदासभाऊ खर्चे?" हेमराज म्हणाला. "मी हेमराज नारखेडे. सावद्याचा. ज्योत्स्नाचा नवरा."

माणसाने हातातला पाना खाली ठेवला. त्याने हेमराजकडे पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या ईशानीकडे, आणि तिच्याकडे बघायचं त्याने लगेच थांबवलं.

"आत या," तो म्हणाला.

आत त्याच्या बायकोने, संगीताबाईंनी, पाणी दिलं, कोण पाहुणे वगैरे काही न विचारता चहा टाकला. ती पन्नाशीची, सावळी, थोडी फिकटलेली बाई होती. चहा आला. हेमराजला गरम गिळवत नव्हतं. ईशानीने त्याचा चहा बशीत ओतून फुंकला आणि त्याच्या हातात दिला. संगीताबाई भांडी आवरायला मागे गेल्या.

"कशी आहे ती?" देवीदासने हळू विचारलं.

"नऊ वर्षं झाली तिला जाऊन."

त्याने मान खाली घातली. बोटांना लागलेलं ग्रीस तो फडक्याने पुसत राहिला, पुसून झालं तरी.

"तिने तुम्हाला माझ्याबद्दल काय सांगितलं होतं?"

"काही नाही," हेमराज म्हणाला. "कधीच काही नाही."

देवीदासने फडक्याची घडी करून ती गुडघ्यावर ठेवली. एक शिवी ऐकली असती तर त्याला सोपं गेलं असतं असं हेमराजला वाटलं. इतकी वर्षं ज्या माणसाचा त्याने न बघता राग केला होता, तो माणूस समोर बसला होता, आणि राग करायला लागणारं बळ आता त्याच्यात शिल्लक नव्हतं. हेमराज थेट विषयावर आला. ज्योत्स्नाचा आजार, तो कशामुळे होतो, स्वतःचं रक्त, ऑपरेशन. डॉक्टर काझींनी सांगितलं तसंच, तेवढं नीट नाही, मध्येमध्ये घसा कोरडा पडून थांबत. कोणाकडून कोणाला आलं, ते तो बोलला नाही. देवीदासनेही विचारलं नाही.

"मला तर काही होत नाही," शेवटी देवीदास म्हणाला.

"मलाही होत नव्हतं. रक्त द्या एकदा. नसलंच तर बरंच आहे." हेमराजने नंबर लिहिलेला कागद पुढे केला. "आणि त्यांनाही दाखवा. बायकांची तपासणी वेगळी असते."

देवीदासने आतल्या दाराकडे पाहिलं.

"तिला माहीत नाही," तो म्हणाला. "आधीचं लग्न माहीत आहे. पण मुलीच्या आईवडिलांनी फसवलं, असं आमच्या घरच्यांनी सांगितलेलं. मीही तेच धरून ठेवलं. आता हे सांगायचं म्हणजे सगळंच काढावं लागेल."

"ते तुमचं तुम्ही बघा. आम्ही निघतो." हेमराज उठायला लागला.

"बसा," देवीदास म्हणाला. त्याने हात पुढे करून त्याला थांबवलं, हाताला लागला मात्र नाही. "थोडं बसा. मला एकट्याला नाही सांगता यायचं."

हेमराज पुन्हा बसला.

"अगं," देवीदासने हाक मारली. "हात धुऊन जरा बाहेर ये. बस इथे."

संगीताबाई पदराला हात पुसत आल्या आणि भिंतीशी टेकून बसल्या. देवीदासने सांगायला सुरुवात केली. अडखळत, मागेपुढे होत, कधी हेमराजकडे बघून शब्द शोधत. पहिली बायको परत का गेली, त्यात तिच्या आईवडिलांचा काही दोष नव्हता, हेही सांगितलं. त्या वेळी त्याने बायकोकडे पाहिलं नाही. संगीताबाई मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. सगळं संपल्यावरही त्या नवऱ्याकडे वळल्या नाहीत. ईशानीकडे वळल्या.

"तुझ्या आईला सुरुवातीला काय होत होतं गं?"

ईशानीने एकदा बापाकडे पाहिलं. मग म्हणाली, "पाळी गेल्यावरही मध्येच अंगावर जायचं. कंबर दुखायची. ती म्हणायची, वयामुळे असेल. वर्षभर कोणाला सांगितलं नाही तिने."

संगीताबाईंनी खाली पाहिलं. फरशीवर चहाचा एक थेंब सांडला होता, तो त्यांनी पदराच्या टोकाने टिपला.  ईशानी उठली आणि त्यांच्या शेजारी, भिंतीला टेकून बसली.

"नाशिकला जायला सकाळची गाडी कधी असते?" संगीताबाईंनी विचारलं. "मला उद्याच जायचंय."